अंगावरचे थर आणि सायकलीची चाके



मेहकरहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुलतानपूर हे गाव आहे. बुलढाणा जिल्ह्यातला हा घाटावरचा मुलूख. दिवाळी उलटली की इथे पहाटे असं हिव पडतं की सायकलीच्या मुठी हाताला झोंबतात. आणि त्याच दिवशी दुपारी त्याच रस्त्यावर सदरा पाठीला चिकटतो. हरभरा सोंगणीला यावा आणि आभाळ भरून गारा पडाव्यात, हेही आपल्याला नवे नाही. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट शेतकरी अजून विसरलेला नाही. अशा मुलखात सायकलीवरून शाळेला किंवा बाजाराला जाणाऱ्याने अंगात काय घालावे? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या मागे मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या घरातूनच सुरू होतो.

घरातली गोधडी घ्या. जुनी लुगडी, जुनी धोतरे एकावर एक घालून टाके मारलेले. यातले एकेक लुगडे अंगावर घेतले तर थंडी भागत नाही. तीच चार एकत्र आली की ऊब येते. ही ऊब कापडाची नव्हे. दोन थरांच्या मधे अडकून राहिलेल्या हवेची ती ऊब आहे. हवा उष्णता सहसा पुढे जाऊ देत नाही. आपल्या आज्यांना हे कोणी शिकवले नव्हते, पण त्या ते करीत होत्या.

बाराबंदी पाहा. तिचे दोन पदर छातीवर एकमेकांवर येतात आणि बंदांनी बांधले जातात. म्हणजे छातीवर दोन थर, पाठीवर एकच. उकडू लागले की बंद सोडावेत, वारा सुटला की आवळावेत. तिच्यावर उपरणे, आणि पावसापाण्याला धनगराची घोंगडी. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची ती घोंगडी खोळ करून डोक्यावरून घेतली की पाणी वरच्या वर निथळते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. सुताचे तसे नाही. सुती कापड भिजले की त्यातली हवा जाते, ते अंगाला चिकटते आणि थंडगार पडते. गंमत अशी की आपला मुलूख कापसाचा! १८७० साली जलंब ते खामगाव रेल्वेचा फाटा झाला तो मुख्यतः कापूस वाहण्यासाठी. गाठी मुंबईला गेल्या आणि गिरणीचे स्वस्त, पातळ कापड खेडोपाडी आले. उन्हाळ्याला ते उत्तम. पण हिवाळी झडीत नुसत्या सुती सदऱ्यावर भरवसा ठेवू नये.

हा जुना पोशाख पायी चालणाऱ्याचा आणि बैलगाडीत बसणाऱ्याचा होता. सायकल आली आणि हिशेब बदलला.

१८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीने दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. आजच्या सायकलीची ती आजी म्हणावी. शिक्षक मित्रांनी मुलांकडून पाठ करून घ्यावे असे साल मात्र १८८८. त्या साली डनलॉपने हवेच्या धावेचे पेटंट घेतले. त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. होय, पुढे ज्यांचा लोखंडी नांगर आपल्या वावरात आला तेच लक्ष्मणराव! आणि त्याच साली इंग्लंडातल्या लँकेशायरमध्ये ‘एअरटेक्स’ नावाचे जाळीदार सुती कापड विणणारी कंपनी निघाली. हवा कोंडून ठेवायची आणि घाम बाहेर जाऊ द्यायचा, ही त्या कापडामागची कल्पना. चाकातही हवा आणि कापडातही हवा, असे ते साल.

सायकलस्वाराची अडचण अशी की तो आपला वारा आपणच तयार करतो. पान हलत नसले तरी ताशी पंधरा किलोमीटरने निघालात की तेवढाच वारा छातीवर येतो. चढ लागला की उलटे होते. वेग मंदावतो, वारा थांबतो, श्रम वाढतात आणि घाम फुटतो. मग उतार येतो. पाय थांबलेले, वेग दुप्पट, अंग ओले. घामाचा एक ग्रॅम सुकताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि ती उष्णता मुख्यतः आपल्याच अंगातली. खामगावाहून बोथ्याचा घाट चढून बुलढाण्याला जा आणि परत उतरा. एका दिवसात हे सगळे अंगावर येते.

फ्रान्समध्ये १९०३ साली ‘टूर द फ्रान्स’ ही सायकलींची शर्यत सुरू झाली. १९१० साली तिचा मार्ग पिरेनीजच्या उंच डोंगरांतून नेला. शिखर गाठल्यावर उतरण्यापूर्वी स्वार सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालीत. म्हणजे आपल्या बाराबंदीचा छातीवरचा जोडपदरच, कागदाचा!

एव्हरेस्टवर १९२४ साली नाहीशा झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ साली सापडला. अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ थर होते. वरचा कोट गॅबर्डिन या घट्ट विणीच्या कापडाचा. पुष्कळांना वाटे, बिचारा अपुऱ्या कपड्यांनी गेला. २००६ साली तसेच कपडे हुबेहूब शिवून एव्हरेस्टवर वापरून पाहिले, तेव्हा ते हलके, सुटसुटीत आणि उबदार ठरले.

आता आपले पाहू. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या अनेक तालुक्यांत शाळकरी मुलींना सायकली मिळतात. एखादी मुलगी चार-पाच किलोमीटर सायकल मारून येते. घरून निघताना आईने जाड स्वेटर चढवलेला असतो. अर्ध्या वाटेत ती आत भिजते, आणि मग त्याच ओल्या कपड्यांत खिडकीजवळ बसून कुडकुडते. धड्याकडे तिचे लक्ष कसे लागावे?

म्हणून एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ घालावेत. आत अंगाबरोबर बसणारे पातळ कापड, त्यावर बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर, वर समोरून उघडणारे, घट्ट विणीचे, वारा अडवणारे जाकीट. निघताना थोडे हिव वाजले पाहिजे. न वाजले तर कपडे जास्त झाले असे समजावे. चढाच्या आधी जाकीट काढावे, घाम आल्यावर नव्हे. उताराच्या आधी घालावे. प्लास्टिकचा रेनकोट पाऊस अडवतो तसा घामही अडवतो, तेव्हा पाऊस थांबताच तो उतरवावा. वीज कडाडू लागली तर कपड्यांचा विचार सोडून द्यावा. सायकलवरून उतरावे आणि पक्क्या घराचा आसरा घ्यावा, झाडाचा नव्हे.

काढलेला कपडा मुठीला लटकवू नये. घडी करून कॅरिअरला दोरीने आवळावा, टोक लोंबू देऊ नये. मुलींनी ओढणी दोन्ही खांद्यांवरून मागे नेऊन कमरेला गाठ मारावी. चाकाच्या आऱ्यांत किंवा साखळीत ओढणी गेली की क्षणात गळ्याला फास बसतो. गुरुजींना शक्य असेल तर वर्गाबाहेर व्हरांड्यात एक दोरी बांधावी. सकाळचे ओले कपडे तिच्यावर टाकले तर शाळा सुटेपर्यंत वाळतात.