चिंधी आणि दोरा

ठिगळांच्या गोधडीचें कौतुक करतांना पाहणाऱ्याची दृष्टि प्रथम चिंध्यांवर जाते. जुन्या लुगड्याचा काठ, फाटक्या सदऱ्याची बाही, परकराचा उरलेला घेर, असे टाकाऊ तुकडे जोडून गृहिणीनें उबदार पांघरूण तयार केलें, म्हणून तिच्या काटकसरीची वाहवा होते. परंतु चिंधी ही घरांत आपोआप सांठणारी वस्तु आहे. तिला पैसा पडत नाहीं. पैसा पडतो तो दोऱ्याला. चिंध्या जितक्या लहान तितके जोड अधिक, आणि जोड जितके अधिक तितका दोरा अधिक. म्हणजे ज्या घरीं दारिद्र्यामुळें हाताएवढे तुकडेहि टाकून देणें परवडत नसे, त्याच घराला दोरा सर्वांत जास्त लागावयाचा! गोधडीच्या इतिहासांतील ही अडचण सहसा कोणी सांगत नाहीं.

शिवणाचा सुती दोरा रिळावर गुंडाळलेला विकत मिळूं लागला, त्याला अवघीं दोन शतकें झालीं आहेत. त्यापूर्वीं युरोपांत अळशीचा किंवा रेशमाचा दोरा वापरीत. १८०६ सालीं नेपोलियननें इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी पुकारली आणि रेशीम मिळेनासें झालें. तेव्हां स्कॉटलंडमधील पेझ्ली गांवच्या पॅट्रिक क्लार्कनें कापसाचाच दोरा रेशमासारखा गुळगुळीत पिळून काढला, आणि १८१२ सालीं त्या घराण्यानें अशा दोऱ्याचा कारखाना काढला. दोरा आधीं लडींनीं विकला जाई. पुढें तो लांकडी रिळावर गुंडाळून देऊं लागले. त्या रिळाबद्दल गिऱ्हाइकाकडून अर्धा पेनी वेगळा घेत आणि रिकामें रीळ परत आणल्यास तो परत करीत. रिळाच्या लांकडाचाहि असा हिशेब होता, मग त्यावरील दोऱ्याची बायकांना किंमत वाटल्यास नवल कसलें?

आपल्या इकडे या प्रश्नाचा निकाल अगदीं वेगळ्या रीतीनें लागला. गोधडी किंवा वाकळ शिवतांना जुनीं लुगडीं-धोतरें एकावर एक अंथरावयाचीं, वर ठिगळें मांडावयाचीं आणि सर्वांतून एकच धांवदोरा घालावयाचा. ठिगळ जोडणें आणि थर एकत्र बांधणें हीं दोन्ही कामें त्याच टांक्यानें होतात. इंग्लंड-अमेरिकेंत मात्र बहुधा तुकडे आधीं एकमेकांस शिवून सबंध पत्रा तयार करतात, आणि मग तो खालच्या थरांवर पुन्हां शिवतात. तेथें दोरा दोनदां खर्च होतो. बंगाली स्त्रियांनीं तर याच्याहि पुढें मजल मारली. त्यांच्या कांथांचें कापड जुन्या साड्यांचें, आणि वरची नक्षी काढावयाचा रंगीत दोराहि त्याच साड्यांच्या काठांतून एकेक उपसून काढलेला. गुरुसदय दत्त यांच्यासारख्या रसिक सनदी अधिकाऱ्यानें अशा कांथांचा मोठा संग्रह केला, तो नक्षीसाठीं; पण ती नक्षी ज्या दोऱ्याची, तो बाजारांतून आलेला नव्हता, ही गोष्टहि तितकीच मोलाची आहे.

यंत्र आलें आणि हिशेब पुन्हां बदलला. १८४६ सालीं अमेरिकेंत ईलियस हाउ यानें दुहेरी दोऱ्याच्या शिवणयंत्राचें पेटंट मिळवलें, आणि १८५१ सालीं आयझॅक सिंगर यानें आपल्या सुधारलेल्या यंत्राचें. या टांक्यांत एक दोरा सुईंतून वरून येतो, दुसरा खालच्या धोट्यांतून, आणि दोहोंची आढी कापडाच्या पोटांत पडते. यंत्रानें वेळ वाचवला, दोरा मात्र वाचवला नाहीं. शिवणीच्या लांबीच्या दुपटीहून अधिक दोरा तें खातें. शिवाय प्रत्येक शिवण संपली कीं कापड मागें ओढून दोन्ही दोरे कापावयाचे. समजा, दर वेळीं वरचा चार इंच व खालचा चार इंच गेला. हजार शिवणींमागें ८,००० इंच, म्हणजे सुमारें २२२ वार झाले. अमेरिकेंत रीळ २०० वारांचें मिळे. एका गोधडीमागें आखें रीळ नुसत्या कापलेल्या शेपट्यांत!

यावरची युक्ति इतकी साधी आहे कीं ती प्रथम कोणाला सुचली हें विचारण्यांत अर्थ नाहीं. यंत्राशेजारीं एक चिंधी ठेवावयाची. शिवण संपत आली कीं कापड ओढून न घेतां त्याच्या पाठोपाठ ती चिंधी सुईखालीं सरकवावयाची आणि तिच्यावर चार टांके चालूं द्यावयाचे. मग मधला इवलासा दोरा कापून पुढचा तुकडा बाजूला घ्यावयाचा. चिंधी सुईखालींच राहते. पुढची शिवण तिच्यापासून सुरू करावयाची. म्हणजे दोऱ्याचीं टोकें बोटांनीं धरून ठेवावीं लागत नाहींत, तीं खालच्या भोकांत गुरफटत नाहींत, आणि लहान तुकड्याचा कोपराहि सुईबरोबर आंत ओढला जात नाहीं. हीच चिंधी कित्येक दिवस चालते आणि टांक्यांनीं भरून जाड होत जाते. कांहीं चतुर बायकांनीं तिच्याऐवजीं दुसऱ्या गोधडीचे दोन तुकडे लावण्यास आरंभ केला. पहिली गोधडी पुरी होतांना दुसरीचेहि बरेचसे जोड तयार होतात, आणि त्यांच्यासाठीं वेगळी बैठक मारावी लागत नाहीं.

परंतु ज्यांच्याकडे यंत्रहि नाहीं आणि रीळहि नाहीं, त्यांनीं काय करावें? अलाबामा प्रांतांत नदीच्या वळणांत जीज बेंड नांवाची निग्रो कुळांची वस्ती होती. हे लोक खंडानें कापूस पिकवीत. १९३२ सालीं त्यांना उधारीनें माल देणारा व्यापारी मरण पावला, आणि त्याच्या वारसांनीं कर्जापोटीं जनावरें, अवजारें, धान्य, सारें उचलून नेलें. त्या काळीं तेथल्या बायका शेतावरच्या झिजलेल्या विजारी व सदरे फाडून गोधड्या शिवीत. १९३७ सालीं आर्थर रॉथस्टीन यानें या वस्तीचीं छायाचित्रें घेतलीं, आणि २००२ सालीं तिच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत भिंतींवर लावल्या गेल्या. लोकांनीं रंगांची व आकारांची स्तुति केली, ती योग्यच होती.

दोऱ्याचें मात्र निराळें होतें. कापूस पिकवणाऱ्याच्या घरीं कापसाचा दोरा दुकानांतून आणण्यास पैसा नसे. दक्षिणेकडील अशा गरीब घरांत पीठ, साखर, गुरांचें खाद्य पोत्यांतून येई, आणि पोत्याचें तोंड कारखान्यांत साखळीटांक्यानें शिवलेलें असे. त्या टांक्याचा गुण असा कीं, नेमकें टोंक सांपडलें तर एका ओढीसरशीं सबंध शिवण उसवत येते. बायका तें टोंक शोधीत, दोरा न तुटूं देतां ओढून काढीत, एकाला एक गांठून त्याचा गुंडा करीत. आणि पोतें धुऊन त्याचें अस्तर लावलें कीं त्याच दोऱ्यानें त्यावर टांके घालीत.