झाकणावरचे वजन

मोटारीच्या रेडिएटरवरचे झाकण ही वस्तू इतकी क्षुल्लक की, तिला काही इतिहास असेल असे कुणाला वाटत नाही. गाडी तापू लागली की दर चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणारे झाकण काढून १५ पौंडांचे बसवावे, असा सल्ला सर्रास मिळतो. या सल्ल्याचे मूळ शोधू गेल्यास आम्हांला जवळजवळ साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते.

१६७९ साली देनी पापँ या फ्रेंच वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे एक भांडे मांडले. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांना उकळेनासे होते. या भांड्यात हाडेसुद्धा मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून त्याने तरफेवर वजन टांगलेली झडप बसविली. आपल्या कुकरची शिट्टी त्याच वंशातली.

वजन वाढविले की दाब वाढतो, हे कळल्यावर वाढविण्याचा मोह आलाच. जेम्स वॅट जास्त दाबाच्या विरुद्ध होता. रिचर्ड ट्रेव्हिथिकने तोच दाब वापरून लहान पण जोरकस यंत्रे केली. १८०३ साली ग्रिनिच येथे त्याचा एक बॉयलर फुटून चार माणसे मेली. राखणीचा पोऱ्या यंत्र सोडून वाम मासे धरायला गेला होता, असे कारण सांगण्यात आले. असेलही, पण असल्या यंत्रावर पोर उभे करण्याचा निर्णय काही पोराचा नव्हता! ट्रेव्हिथिकने पुढे दोन झडपा बसविल्या व त्यांतली एक कामगाराला बदलता येणार नाही अशी ठेवली.

मोटारीत हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. १८८८ साली बेर्टा बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला गेली ती वाटेत पुनःपुन्हा पाणी भरीत. १९०० साली माइबाखने ८,०७० बारीक नळ्यांचा, पोळ्यासारखा रेडिएटर केला. स्प्रिंगचे दाबझाकण त्यानंतर काही दशकांनी रुळले.

एक पौंड दाबामागे उकळबिंदू सुमारे दीड अंशाने चढतो. उंचावर पाणी लवकर उकळते, तेव्हा घाटात या झाकणाचा उपयोग आहेच. परंतु झाकण स्वतः उष्णता बाहेर टाकीत नाही. नळ्या तुंबल्या असतील, पंप झिजला असेल, तर मोठे झाकण तो दोष फक्त झाकते, आणि वाढलेला दाब जुन्या होजवर व डाकाच्या सांध्यांवर पडतो.

आणि क्लीनरवर. ११५ अंशांचे पाणी झाकण फिरताच वाफ होऊन तोंडावर येते. पहिल्या खाचेशी थांबून दाब सोडण्याची सोय झाकणात असते. पण तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडूच नये, ते निवू द्यावे. त्याला पाऊण तास लागतो आणि उशिराचा खुलासा ड्रायव्हरकडून मागितला जातो. म्हणून आम्ही मागणीपत्रात एक कलम घालतो: गाडी निवेपर्यंतचा वेळ कामाचा धरावा.