नंदीचा रंगारी

स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असा निरोप चिटणीसबाईंकडून आला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती लिहावी, तर त्या दरवर्षी चारपाच जणी लिहितातच. परंतु आमच्या घरातील लाकडी नंदीवरून माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती चूक भगिनींच्या कानावर घालावी असे पुष्कळ दिवसांपासून मनात होते. ती सांगायची म्हणजे नंदीचा आणि त्याला रंगविणाऱ्याचा थोडा इतिहासही सांगावा लागतो. तेव्हा हे इतिहासाचे लेखन गोड मानून घ्यावे.

श्रावण अमावस्येला आपला पोळा. आदल्या दिवशी खांदमळणी. बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळून त्याला उद्याच्या जेवणाचे आवतन द्यायचे. पोळ्याला दारी पळसाचे मेढे, बैलाच्या अंगावर गेरूचे ठिपके, शिंगांना रंग आणि बेगड, कपाळी बाशिंग, पाठीवर झूल. हे सर्व महाराष्ट्रात कमीअधिक फरकाने आहेच. पण दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांनी चाकांवरचा लाकडी बैल ओढीत नेण्याचा तान्हा पोळा हा आपल्या नागपूर-वर्ध्याकडचा खास सण होय. नागपूरचे दुसरे रघूजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला, असे सांगतात. लहान मुलांना खऱ्या बैलापाशी जाता येत नाही, पण बैलाची किंमत तर त्यांना कळली पाहिजे, म्हणून लाकडाचे बैल करवून मुलांच्या हाती दिले, अशी ती हकीकत आहे. भोसल्यांचे राज्य १८५३ मध्ये गेले, पण तान्हा पोळा गेला नाही. आपल्या जिल्ह्यातील सिंदी रेल्वे येथे तर मोठमोठ्या नंदींची मिरवणूक निघते आणि ती पाहायला दुरून माणसे येतात. मुले नंदी घेऊन घरोघर जातात, आपण नंदीला ओवाळतो, मुलांच्या हातावर बोजारा ठेवतो.

आता हा नंदी कोणत्या बैलाचा? बाजारात मिळणारे सगळे नंदी आज एकसारखेच दिसतात. पूर्वी तसे नसावे. आपल्या आर्वी, आष्टी, कारंजा या भागाची स्वतःची गुरांची जात आहे, तिला गवळाऊ म्हणतात. अंगाने पांढरी, बैलाची मान करडी, तोंड लांबट व निमुळते, डोळे बदामासारखे, शिंगे आखूड आणि बोथट. चालण्यात ही जात फार चपळ. मराठ्यांच्या फौजेचे सामान जलद नेण्यासाठी हे बैल वाढविले गेले, असे जाणकार सांगतात. पुढे याच बैलांनी कापसाच्या बंड्या हिंगणघाटच्या बाजारात नेल्या. जुना लाकडी नंदी घरात असेल, तर त्याची शिंगे आणि तोंड एकदा निरखून पाहावे. कित्येकदा त्यात गवळाऊच दिसेल, कारण करणाऱ्याने डोळ्यांसमोर होता तोच बैल लाकडात उतरविला.

नंदीला दोन हात लागतात, एक सुताराचा आणि एक रंगाऱ्याचा. सुतार बाराबलुतेदारांतला, सुगीला त्याला धान्याचा वाटा ठरलेला असे. रंगाऱ्याला मात्र त्या बलुत्यात सहसा जागा नसे. माझे सासरे आपल्या लहानपणीचे सांगत, त्यावरून या माणसाचे वर्ष कसे जाई ते मला कळले. लग्नसराईत घराच्या दर्शनी भिंतीवर हत्ती, घोडे, मोर, पोपट काढायचे. उन्हाळ्यात कोणाची दमणी, कोणाची रेंगी रंगवायची. श्रावण लागला की नंदी. नंदी हातावेगळे होतात न होतात तोच चवथीचे गणपती, कारण पोळा आणि गणेशचतुर्थी यांत चारपाच दिवसांचेच अंतर. त्यानंतर दिवाळीपर्यंत जे मिळेल ते काम. मजुरी बहुधा ज्वारीच्या रूपात मिळे. रंग घरचेच: चुन्याचा पांढरा, गेरूचा तांबडा, काजळीचा काळा, हळदीचा पिवळा, कपड्यांच्या निळीचा निळा, आणि ते धरून राहावेत म्हणून डिंक. पावसाळ्यात रंग वाळत नसे, म्हणून नंदी चुलीजवळ मांडून ठेवीत, असे सासरे सांगत.

आमच्या घरचा नंदी सासऱ्यांसाठी ते पाचसहा वर्षांचे असताना केलेला. साग गावच्या सुताराने घडविला. रंगवायला बाहेरगावचा एक रंगारी आला. त्या वेळी घरी धवळ्या नावाचा बैल होता. त्याच्या डाव्या डोळ्याखाली एक काळा डाग होता, एका बाजूला ओघळल्यासारखा, जणू काजळ पुसले गेले आहे. आजेसासऱ्यांनी एवढेच सांगितले की, नंदी आमच्या धवळ्यासारखा दिसला पाहिजे. तो रंगारी एक दुपारभर गोठ्यात धवळ्यासमोर बसून राहिला. त्याने हातात कुंचला घेतला नाही, की कागद घेतला नाही. आजेसासूबाई भाकर घेऊन गेल्या तेव्हा तो म्हणाला, "माय, थो कान हालवते तवा तोंड कसं करते, थे पाहून राह्यलो." दुसऱ्या दिवशी त्याने चुना आणि काजळी कालवून मानेचा करडा रंग साधला, आणि शेवटी डोळ्याखालचा डाग काढला. नंदी गोठ्यात नेला तेव्हा धवळ्याने त्याला हुंगले, असे घरात सांगतात. ते खरे की कौतुकाचे, देव जाणे. मी लग्न होऊन आले तेव्हा रंग पुष्कळ उडाला होता, पण डाग स्पष्ट होता.

आता माझी चूक सांगते. धाकट्या मुलाला तान्ह्या पोळ्याच्या सजावटीच्या स्पर्धेत भाग घ्यायचा होता. नंदी जुनाट दिसतो म्हणून मी सासऱ्यांना न विचारता तो रंगवायला दिला. काचकागदाने घासून त्यावर सोनेरी तेलरंग चढविला, शिंगे लाल केली, गळ्यात मण्यांच्या माळा आल्या. नंदी झगझगीत दिसू लागला. मुलाला दुसरे बक्षीस मिळाले, एक डबा. घरी आल्यावर आम्ही नंदी सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांना दृष्टीने कमी दिसे. त्यांनी नंदीच्या डाव्या डोळ्याखाली अंगठा फिरविला आणि विचारले, "डाग कोठी गेला, सूनबाई?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. मी त्यांना म्हटले, "मामंजी, तो रंगारी कोण होता ते सांगा, त्याच्या घरचे कोणी असेल तर पुन्हा करून घेऊ." त्यांनी पुष्कळ आठवून पाहिले. घरातल्या चार बैलजोड्यांची नावे त्यांनी एकापाठोपाठ सांगितली, कोणती केव्हा घेतली, कोणती कोणत्या बाजारातून आणली, तेही सांगितले. रंगाऱ्याचे नाव त्यांना आठवेना. त्याला सगळे रंगारीबुवा म्हणत. पुढे दोन वर्षांनी सासरे वारले. आज आमच्या गोठ्यात बैल नाही, ट्रॅक्टर भाड्याने येतो. धवळ्या कसा दिसे हे दाखविणारी एकच वस्तू घरात होती, ती मी घासून टाकली.

तेव्हापासून माझ्या मनाने घेतले, की जनावरांची चित्रे काढणाऱ्या ज्या कोणाची नावे राहिली, ती कशामुळे राहिली ते पाहावे. मुलीने मला वाचनालयातून पुस्तके आणून दिली, काही फोनवर दाखविले.

पुण्यात पेशवाईच्या काळी गंगाराम चिंतामण तांबट नावाचा एक चित्रकार होता. सवाई माधवराव पेशव्यांना जनावरांची मोठी हौस. पर्वतीजवळ त्यांचा शिकारखाना होता. तेथील गेंड्याचे चित्र गंगारामाने १७९० मध्ये काढले. ते मी पाहिले. गेंड्याच्या कातडीच्या घड्या अशा काढल्या आहेत, की हात लावून पाहावे. पेशव्यांच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील होता, त्याच्यासाठी गंगाराम काम करी. पुढे जेम्स वेल्स या विलायती चित्रकाराच्या हाताखाली तो होता, आणि वेरूळच्या लेण्यांचीही चित्रे त्याने काढली. ते गेंड्याचे चित्र आज अमेरिकेत येल येथील संग्रहालयात आहे. मॅलेटने कागद जपले म्हणून आपल्या एका तांबटाचे नाव आपल्याला ठाऊक झाले. ज्याचे कागद कोणी जपले नाहीत, असे पुण्यात आणखी किती असतील?

दुसरे उदाहरण आपल्या वर्ध्याशी जोडलेले आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावी राहायला आले. त्याच गावाला पुढे १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. काँग्रेसचे अधिवेशन खेड्यात भरावे आणि त्याची शोभा खेड्यातल्याच वस्तूंची असावी, असा त्यांचा आग्रह. म्हणून डिसेंबर १९३६ च्या फैजपूर अधिवेशनाचे आणि फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनाचे सजावटकाम त्यांनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांना सांगितले. हरिपुऱ्यासाठी नंदबाबूंनी ऐंशीच्या वर चित्रे केली, आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्या नकला केल्या. त्यांत शेतकरी, सुतार, कुंभार, कातणारी बाई, ढोलवाला, बैल असे सगळे आपलेच जग आहे. रंगही मातीचे, स्वस्तातले, म्हणजे आमच्या रंगारीबुवांचेच म्हणा ना. अध्यक्ष सुभाषबाबूंचा रथ ५१ बैलांनी ओढला होता. ती चित्रे आज दिल्लीच्या सरकारी संग्रहालयात जपून ठेवली आहेत, आणि ती योग्यच गोष्ट झाली. एवढा मोठा चित्रकार गावच्या रंगाऱ्याचे रंग घेतो याचा मला आनंद झाला. पण ज्याचे ते रंग होते, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, हेही मनात आल्यावाचून राहिले नाही.

आणि सेवाग्रामची बापूकुटी तर आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या मातीच्या भिंतीवर ताडाची झाडे आणि चरखा उठावाने काढलेला आहे, तो मीराबेन यांचा हात. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची ही मुलगी १९२५ मध्ये हिंदुस्थानात आली. जनावरांवर तिचा अतिशय जीव. पुढे हृषीकेशजवळ तिने पशुलोक म्हणून गुरांचा आश्रम काढला. भिंत मातीची, काम शेणामातीत हात घालून केलेले, जसे आपण करतो तसेच. पण पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाला ते मीराबेनचे म्हणून सांगितले जाते, आणि म्हणून ते कोणी पुसून टाकीत नाही. वस्तू टिकायला नाव किती उपयोगी पडते, ते येथे दिसते.

भगिनींनो, रंगारीबुवाला मी काय नावे ठेवू? आपणही नागपंचमीला भिंतीवर नाग काढतो, वसुबारसेला गाईची पावले काढतो, श्रावणात जिवतीचा कागद लावतो तेव्हा हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती मुलांना बोट धरून दाखवितो. माझी आई पोळ्याला दाराशी गेरूने बैलजोडी काढी. तिच्या बैलाची मान नेहमी थोडी वळलेली असे, घराकडे पाहत असल्यासारखी. तशी मान मला साधत नाही. तिने कोणाकडून घेतली, हे मी तिला कधी विचारले नाही, आणि आता विचारायची सोय राहिली नाही. रोज डोळ्यांसमोर असते त्याची चौकशी करावी, असे आपल्याला वाटतच नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. येत्या तान्ह्या पोळ्याला ज्यांच्या घरी जुना नंदी असेल त्यांनी तो, आहे त्या अवस्थेत, मंडळात आणावा. रंगवून आणू नये. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून यावे: सुतार कोण, रंगारी कोण, कोणासाठी केला, कोणत्या बैलावरून केला. जे कळेल ते एका वहीत उतरवावे, आणि नंदीच्या पोटाखाली, जेथे दिसणार नाही अशा जागी, बारीक अक्षरांत लिहून ठेवावे. नवा नंदी घेतला तर रंगविणाऱ्याकडूनच तेथे नाव लिहवून घ्यावे. याला खर्च काही नाही. सजावटीच्या स्पर्धेला माझा विरोध नाही. मुलांची हौस व्हावीच. फक्त जुन्या रंगावर हात चालविण्यापूर्वी घरात एकदा विचारावे.

आमच्या नंदीचा सोनेरी रंग गेल्या वर्षी मुलीने हळूहळू काढला. खाली लाकूडच निघाले. मग तिने चुना आणि काजळी कालवून मान करडी केली, आणि मी सांगितले तसा डोळ्याखाली डाग काढला. तो धवळ्याचा डाग नव्हे, ऐकून काढलेला आहे, पण आहे. पोटाखाली मी सासऱ्यांचे, सुताराच्या घराण्याचे आणि मुलीचे नाव लिहिले. त्यांच्या मध्ये एक ओळ रिकामी सोडली आहे. आमच्या भागातील कोणाच्या घरी त्या रंगारीबुवांची आठवण असेल, तर कृपा करून मला कळवावे. ओळ तशीच ठेवलेली आहे.