आधी घोडी पाहा

नालवाडी म्हटले की लहानपणी माझ्या डोळ्यांपुढे घोड्याचा नाल उभा राही. गावाच्या नावाचा आणि नालाचा काही संबंध आहे असा माझा मुळीच दावा नाही. तो वाद पंडितांनी घालावा. आमच्या घरापुरता मात्र तो संबंध खरा होता. माझ्या आजोबांचा टांगा होता. वर्धा स्टेशनवर उतरलेली खादीधारी मंडळी सेवाग्रामला नाही तर पवनारला पोचवायची, हा त्यांचा व्यवसाय. टांग्याला हरणी नावाची ठेंगणी, तांबडी घोडी होती. ती सात वर्षांची झाली तेव्हा आजोबांच्या मनात आले की, हिच्यापासून एखादे शिंगरू घ्यावे.

झाले! घरात जणू लग्नाची बोलणीच सुरू झाली. स्थळे दोन आली. एक नागपूरकडच्या एका धनिकाचा घोडा. उंच, पांढराशुभ्र, वरातीत वाजंत्र्यांच्या तालावर नाचणारा. दुसरा पुलगावकडच्या एका गाडीवानाचा. हरणीहून चार बोटे उंच, रंगाने मळकट, दिसायला अगदीच सामान्य. आम्ही मुले आणि घरातील बायका एकमुखाने पांढऱ्याच्या बाजूने. आजोबाही तिकडेच झुकले होते. इतक्यात आर्वीकडचे एक म्हातारे गवळी, जे बाजाराला आले की आमच्याकडे मुक्काम करीत, ते म्हणाले, "भाऊ, घोडा मंग पाहू. आंधी घोडी पाहा."

त्यांनी हरणीला अंगणात चालवून पाहिले. तिचे खूर उत्तम, छाती रुंद, स्वभाव गरीब. पण मागचे पाय गुडघ्याशी किंचित जवळ येत. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. दोन घोड्यांपैकी कोणाचे मागचे पाय सरळ आहेत? कोणाची शिंगरे कोणी पाहिली आहेत? ती कामाला कशी निघाली? कोण चावतो, कोण लाथ मारतो? पांढऱ्याबद्दल एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. तो सुंदर आहे, एवढीच आमची माहिती!

पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा त्या म्हाताऱ्याचे वाक्य मला ठिकठिकाणी भेटू लागले. मराठ्यांच्या घोडदळाचे कौतुक करताना आपण तलवारी मोजतो, घोड्या मोजत नाही. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे. शिलेदार मात्र स्वतःचे जनावर घेऊन चाकरीला येई. त्याच्या दारातल्या घोडीला कोणते शिंगरू होते, हा त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. भीमेच्या काठची भीमथडी जनावरे प्रसिद्ध झाली ती अरबी घोडे आणि दख्खनी घोड्या यांच्या संकरातून. अरबी घोडे समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर उतरत. पण खुद्द अरबस्तानातले बेदुईन लोक वंश सांगतात तो आईवरून, आणि नर विकले तरी चांगली घोडी सहसा हातची सोडीत नसत. म्हणजे बाप परदेशातून आला, तरी आई इथलीच राहिली. घाट चढणारी, कडब्यावर भागवणारी. बाप निम्मा वाटा देतोच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण उरलेला निम्मा वाटा घरात उभा असतो आणि त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

इंग्रजांनाही हे लवकर उमगले नाही. विल्यम मूरक्रॉफ्ट हा पशुवैद्य 1808 मध्ये कंपनीच्या बिहारमधील पुसा येथील पैदासकेंद्रावर आला. (हेच ते पुसा, जिथे पुढे 1905 मध्ये शेतीसंशोधन संस्था निघाली आणि 1934 च्या भूकंपानंतर नावासकट दिल्लीला गेली.) कंपनीच्या घोडदळाला हवी तशी जनावरे निपजेनात, तेव्हा उत्तम नर घोडे हवेत या ध्यासाने त्याला पछाडले. 1812 मध्ये तो वेष पालटून तिबेटात मानससरोवरापर्यंत जाऊन आला. पुन्हा निघाला तो लडाख, काबूल करीत 1825 मध्ये बुखाऱ्याला पोचला. ज्या घोड्यांच्या कथा ऐकून इतकी वर्षे घालवली, ते तिथे त्याला मनासारखे मिळाले नाहीत. परतीच्या वाटेवर त्याच वर्षी अंदखुई येथे तो वारला. माणूस विलक्षण, यात शंका नाही. पण त्याची कथा वाचताना मला आमचे अंगण आठवते आणि वाटते, आर्वीचे म्हातारबुवा त्याला भेटायला हवे होते.

शास्त्राने यावर प्रकाश टाकला तो 1938 मध्ये. केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी शायर जातीचे अवाढव्य घोडे आणि शेटलंडची चिमुकली तट्टे यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. आकारातला फरक एवढा की, त्यासाठी कृत्रिम रेतनाचा उपाय योजावा लागला. शायर आईची शिंगरे जन्मतः शेटलंड आईच्या शिंगरांच्या जवळजवळ तिप्पट वजनाची निघाली. बीज तेच, संकर तोच. फरक फक्त आईच्या पोटातील जागेचा. घोडी आपल्या ऐपतीप्रमाणे गर्भाला आवरते. गाईच्या पोटात मात्र वासरू तितके आवरले जात नाही, आणि पहिलटकर कालवडीला फार मोठ्या जातीचा वळू दाखवणे म्हणून धोक्याचे ठरते.

आता वाचक म्हणतील, नालवाडी राहिली कुठे? नालवाडीत हाच प्रश्न गाईच्या रूपाने उभा राहिला. 1932 च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले. वाळुंजकरांनी चर्मालय चालवले ते मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर. जवळच गोपुरीला जमनालालजी बजाज झोपडी बांधून राहिले. 30 सप्टेंबर 1941 रोजी गोसेवा संघ निघाला, आणि साडेचार महिन्यांच्या आत, 11 फेब्रुवारी 1942 ला जमनालालजी गेले. त्या मंडळींना दूधही हवे होते आणि शेतीला बैलही. आमच्या आर्वी-आष्टीकडची गवळाऊ गाय पांढरी, हलक्या अंगाची. दूध बेताचे, पण तिचे गोऱ्हे मोठे होऊन गाडीला जुंपले की वाऱ्याशी बोलतात. पुढे दुधाच्या ओढीने जर्सी आणि होल्स्टीन आल्या, बैलाचे काम ट्रॅक्टरने घेतले आणि अस्सल गवळाऊ कमी होत गेली. दूध वाढले हे खरेच, गरिबाच्या घरी त्याचे पैसेही आले. नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. पण वळू निवडताना गाईकडे कितीजणांनी पाहिले?

आमच्या शेजाऱ्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी आपली लहान चणीची कालवड पहिल्याच खेपेला बाहेरून आणलेल्या थोराड वळूला दाखवली. वासरू अडले. रात्रभर कंदील हलत होते. पहाटे दोन्ही गेली. शेजारच्या काकू कितीतरी दिवस गोठ्याकडे तोंड करून बसत नसत.

आजोबांनी पुलगावचा मळकट घोडा पसंत केला. आम्ही मुले रुसलो. हरणी फळली. शेवटचे दोन महिने आजोबांनी तिला टांग्याला जुंपले नाही; भाड्याची घोडी आणली आणि घरखर्चात तेल कमी झाले. अकरावा महिना सरत आला तशी त्यांनी गोठ्यातच बाज टाकली. एका रात्री त्यांची हाक आली म्हणून धावलो, तो काम आटोपलेले. हरणी शिंगराला चाटीत होती. शिंगरू रंगाने बापावर, मळकट. आजीने नाक मुरडले.

आजोबा मात्र गुडघ्यावर बसून, कंदील खाली धरून, त्याचे मागचे पाय पाहत होते.