दोन बॅरन आणि चौदाव्या शतकातला सेनापती

फेब्रुवारी १९३४मध्ये जपानच्या उमराव सभेत बॅरन किकुचि ताकेओ यांनी व्यापार व उद्योगमंत्री नाकाजिमा कुमाकिचि यांच्यावर तोफ डागली. नाकाजिमाही बॅरनच. आशिकागा ताकाउजी या सेनापतीची थोरवी सांगणारा त्यांचा जुना लेख एका मासिकाने नुकताच पुन्हा छापला होता. ९ फेब्रुवारीला त्यांनी राजीनामा दिला.

सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसापायी मंत्रिपद का जावे? ताकाउजीने १३३६मध्ये सम्राट गो-दाइगोविरुद्ध लढून क्योतो घेतले. सम्राट योशिनोला गेला आणि दोन दरबार झाले. १९११मध्ये पाठ्यपुस्तकांच्या वादानंतर सरकारने योशिनोचा दक्षिण दरबारच खरा ठरवला. तेव्हापासून ताकाउजी अधिकृतपणे राजद्रोही.

आता दोघांच्या पदव्यांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. किकुचि घराण्याला १८८४मध्ये बॅरनपद मिळाले ते याच दक्षिण दरबाराशी पूर्वजांनी राखलेल्या निष्ठेसाठी. ताकाउजीशी लढणे हीच त्या घराण्याची पुण्याई. नाकाजिमांची पदवी वडिलांकडून आली. वडील नाकाजिमा नोबुयुकी तोसा प्रांताचे, जनहक्क चळवळीतले. १८९०मध्ये कनिष्ठ सभागृहाचे पहिले अध्यक्ष, १८९६मध्ये बॅरन. मुलगा फुरुकावा उद्योगसमूहातून वर आला.

मात्र सारे काही वंशावळीवर ढकलणे मला पटत नाही. उमराव सभेत प्रिन्स आणि मार्क्विस जन्मानेच बसत. बॅरन मंडळी मात्र आपल्यातूनच सात वर्षांसाठी प्रतिनिधी निवडत. किकुचि १९३१मध्ये असे निवडून आले, तेव्हा ते मंचुरियात काम केलेले निवृत्त लेफ्टनंट जनरल होते. लष्करी वर्तुळांत उद्योगपती-मंत्र्यांविषयी तेव्हा उघड राग होता. माझ्या मते त्या भाषणाला धार आली ती या रागातून. पूर्वजांनी त्या रागाला बोलण्याचा अधिकार दिला. नाकाजिमांना १९३४मध्येच तेइजिन कंपनीच्या शेअर-गैरव्यवहार प्रकरणात अटकही झाली. १९३७मध्ये न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले, पण या प्रकरणापायी सरकार १९३४च्या जुलैतच पडले होते.

एकदा चाललेले हत्यार किकुचिंनी पुन्हा उचलले. १८ फेब्रुवारी १९३५ रोजी त्यांनी घटनापंडित मिनोबे तात्सुकिचि यांना लक्ष्य केले. सम्राट हे राज्याचे एक अंग आहे, असे मिनोबे दीर्घकाळ शिकवत आले होते. ते जन्माने उमराव नव्हते. विद्वत्तेसाठी १९३२मध्ये सम्राटाने नेमलेले सदस्य होते. २५ तारखेला त्यांनी सभागृहात आपली बाजू शांतपणे मांडली. एप्रिलमध्ये त्यांच्या तीन पुस्तकांवर बंदी आली आणि १८ सप्टेंबरला त्यांनी सदस्यत्व सोडले.