उशीर झालेला प्रकल्प आणि म्हैसूरचे प्रशिक्षण केंद्र

उसाच्या फडात तोडणीसाठी दुप्पट माणसे लावली, तर काम जवळपास निम्म्या वेळात उरकते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा हिशेब चुकतो, हे आयबीएमच्या ‘ओएस/३६०’ या प्रचंड प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी अनुभवले होते. १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मन्थ’ या पुस्तकात त्यांनी नियम मांडला: रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली, तर तो आणखी रखडतो.

याची दोन प्रमुख कारणे आहेत. नव्याने आलेल्यांना शिकवण्यात जुन्या सहकाऱ्यांचा वेळ जातो. शिवाय परस्परसंवादाचा भार वाढतो. पाच जणांत संवादाच्या १० जोड्या होतात, दहा जणांत ४५ आणि वीस जणांत १९०. माणसे चौपट झाली, तर जोड्या एकोणीसपट होतात.

दरवर्षी हजारो नवे अभियंते सामावून घेणाऱ्या भारतीय सॉफ्टवेअर उद्योगापुढे हा प्रश्न अधिकच तीव्र होता. १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी स्थापन केलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली. पुढे तिने म्हैसूरमध्ये विस्तीर्ण निवासी प्रशिक्षण केंद्र उभारले. संस्थापकांपैकी नारायण मूर्ती यांचे अभियांत्रिकीचे शिक्षणही याच शहरात झाले होते. विविध शाखांचे पदवीधर येथे कित्येक आठवडे राहून प्रोग्रामिंग, विदासंच आणि कामाच्या ठरलेल्या पद्धती शिकतात व मगच प्रकल्पांवर रुजू होतात.

ब्रुक्स यांच्या नियमाच्या प्रकाशात पाहिले, तर या व्यवस्थेचे मर्म ध्यानात येते. शिकवण्याचा खर्च येथे टळलेला नाही; तो प्रकल्प सुरू होण्याआधीच, प्रकल्पाबाहेर केला जातो. सर्वांची परिभाषा आणि कार्यपद्धती समान असल्याने नवा सहकारी लवकर उपयोगी पडतो.

मात्र या उपायाला मर्यादा आहे. विशिष्ट ग्राहकाचा व्यवसाय आणि त्याच्या जुन्या प्रणालीतील खाचाखोचा म्हैसूरमध्ये आधी शिकता येत नाहीत. त्या प्रत्यक्ष प्रकल्पातच उमगतात. आणि संवादाच्या जोड्यांचे गणित तर कोणतेही प्रशिक्षण बदलू शकत नाही.

ते बदलते रचनेमुळे. वीस जणांचे पाच-पाचांचे चार गट केले आणि गटांमधील संवाद चार गटप्रमुखांपुरता ठेवला, तर १९० ऐवजी ४६ जोड्या पुरतात: गटांतर्गत ४० आणि प्रमुखांमध्ये ६. परंतु त्यासाठी कोणता भाग कोणाकडे आणि ते भाग एकमेकांना कसे जोडायचे, हे प्रारंभीच ठरवावे लागते. मुदत टळल्यावर मनुष्यबळ मागणाऱ्या व्यवस्थापकाच्या हाती नेमकी हीच संधी उरलेली नसते.