वेल फ्रान्सची, मूळ अमेरिकेचे

वसंतातल्या या ज्ञानसत्रासाठी आम्ही द्राक्षाच्या मद्याचा विषय निवडला, हे ऐकून काही मंडळींनी नाके मुरडली असतील. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, मद्याचा इतिहास सांगणे म्हणजे मद्याची भलावण करणे नव्हे. ज्याने आयुष्यात प्याल्याला हात लावला नाही आणि पुढेही लावणार नाही, त्यानेही ऐकावी अशी ही हकीकत आहे. कारण ती प्याल्यापेक्षा शेतकऱ्याची अधिक आहे.

फ्रान्समध्ये मद्य ओळखले जाते ते गावाच्या नावाने. बोर्दो, बर्गंडी, शँपेन ही आधी प्रदेशांची नावे, मग बाटलीवरची. अमुक टेकडीचा उतार, तमुक चुनखडीची माती, आणि त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली वेल, या तिन्हींच्या संगमातून आमचे मद्य होते. ते दुसरीकडे होणे नाही, असे तिथला बागाईतदार सांगतो. रत्नागिरीच्या हापूसविषयी बोलताना कोकणी माणसाचा स्वर जसा चढतो, तसाच त्याचा चढतो. परंतु आज त्याची वेल ज्या मुळांवर उभी आहे, ती मुळे बहुतेक सर्वत्र अमेरिकन रानवेलींच्या वंशातली आहेत. वर वेल फ्रान्सची आणि खाली मूळ अमेरिकेचे! आपल्या मातीचा इतका अभिमान बाळगणाऱ्या लोकांवर ही पाळी कशी आली, हेच आज पाहावयाचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण फ्रान्समधील लांगदॉक प्रांताचे दिवस पालटले होते. आगगाडी आली, आणि दक्षिणेचे स्वस्त मद्य उत्तरेच्या शहरांतील कामगारांपर्यंत जाऊ लागले. ज्याच्यापाशी तुकडाभर जमीन होती त्याने धान्य सोडून द्राक्षे लावली. त्याच सुमारास वेलींवर भुरी आली. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांना हा रोग नव्याने सांगावयास नको. तिच्यावर गंधकाची भुकटी हा उपाय सापडला. पण काही हौशी लोकांनी भुरीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीही मागवून पाहिल्या. पूर्वी शिडाच्या जहाजातून रोपे येत, तेव्हा समुद्रावर इतके दिवस जात की रोपांवरची कीड वाटेतच मरून जाई. वाफेच्या जहाजांनी हा प्रवास आवरता घेतला, आणि रोपांबरोबर कीडही जिवंत उतरू लागली. व्यापार जवळ आला तशी संकटेही जवळ आली.

१८६३ च्या सुमारास र्‍होन नदीच्या खालच्या खोऱ्यात काही वेली अकारण सुकू लागल्या. उन्हाळ्यात पाने पिवळी पडत, मग कडेने लाल होत, गळून जात; पुढच्या वर्षी शेजारच्या वेली, त्याच्या पुढच्या वर्षी सगळा मळा. तेलाचा डाग कापडावर पसरावा तसा हा रोग पसरे. कोणी म्हणाले थंडी बाधली, कोणी म्हणाले जमीन थकली, कोणी म्हणाले देवाचा कोप. मेलेली वेल उपटून पाहावी तर कुजलेल्या मुळांखेरीज काहीच हाती लागत नसे.

अखेर एरो जिल्ह्याच्या कृषिसंस्थेने तिघांची समिती नेमली. त्यांपैकी ज्यूल-एमील प्लांशाँ हे माँपेलिएचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. १५ जुलै १८६८ रोजी हे तिघे एका मळ्यात गेले असता त्यांनी मेलेली वेल सोडून शेजारची, वरून अगदी टवटवीत दिसणारी वेल उपटली. भिंगाखाली पाहतात तो मुळांवर पिवळ्या रंगाचे बारीक किडे चिकटून रस शोषीत आहेत! मेलेल्या मुळावर किडा सापडत नव्हता, कारण तेथला रस संपताच तो पुढच्या वेलीकडे गेलेला असे. इतके दिवस सगळे प्रेताची परीक्षा करीत होते, आणि गुन्हेगार शेजारच्या घरात जेवत होता. पुढे हा किडा फायलॉक्सेरा या नावाने ओळखला जाऊ लागला. तो लांबीने मिलिमीटरभरही नसतो, आणि त्याची मादी नराशिवायच पिढ्यांमागून पिढ्या वाढवू शकते.

किडा सापडला म्हणून वाद मिटला असे मात्र नाही. राजधानीतील कित्येक मान्यवरांचे म्हणणे असे की, किडा हे रोगाचे कारण नसून परिणाम आहे. वेल आधी अशक्त होते, मग तिला कीड लागते. या वादात वर्षे गेली, आणि वर्षांबरोबर मळे गेले. सरकारने उपाय सांगणाऱ्यास २०,००० फ्रँकांचे बक्षीस लावले, ते १८७४ मध्ये ३,००,००० फ्रँकांवर नेले. सूचनांचा पाऊस पडला. त्यांत वेलीखाली जिवंत बेडूक पुरण्यासारख्या तोडग्यांपासून अनेक तऱ्हेच्या रसायनांपर्यंत सारे काही होते. खरे उपयोगी पडले ते तीन उपाय. हिवाळ्यात मळा चाळीसएक दिवस पाण्याखाली बुडवून ठेवणे. परंतु त्याला सपाट जमीन आणि मुबलक पाणी हवे. समुद्रकाठच्या वाळूत वेली लावणे, कारण वाळूत किड्याला हालचाल करता येत नाही. परंतु सगळा फ्रान्स काही वाळूवर नाही. आणि तिसरा, जमिनीत पिचकारीने कार्बन डायसल्फाइड सोडणे. ते ज्वालाग्राही, दुर्गंधी आणि महाग, शिवाय दरसाल सोडावे लागणारे. बड्या जमीनदाराला ते परवडे. चार ओळींचा मळा असणाऱ्याला परवडत नसे. आपत्ती सर्वांवर सारखी येते असे म्हणतात, पण तिच्यावरचा उपाय सर्वांच्या खिशाला सारखा नसतो.

इकडे अमेरिकेत मिसुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी ओळखले की, फ्रान्समधला किडा आणि तिकडच्या रानवेलींवरचा किडा हे एकच. ते १८७१ मध्ये फ्रान्सला आले. १८७३ मध्ये प्लांशाँ अमेरिकेस गेले. डार्विनच्या उत्क्रांतिवादाच्या प्रकाशात कोडे उलगडत गेले. अमेरिकेत वेल आणि किडा हजारो वर्षे एकत्र वाढले. ज्या वेलींना किड्याचा मारा सोसला त्याच टिकल्या. त्यांच्या मुळाला जखम झाली तर ती भरून येते. युरोपच्या वेलीला या शत्रूशी झुंजण्याची वेळच कधी आली नव्हती. तेव्हा मूळ अमेरिकन वेलीचे घ्यावे आणि त्यावर फ्रेंच वेलीचे कलम बांधावे, हा मार्ग निघाला. हा विचार १८६९ मध्येच पुढे आला होता. ‘विषस्य विषमौषधम्’ म्हणतात, त्याचे याहून चोख उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पण उपाय सापडणे वेगळे आणि तो मनाला पटणे वेगळे. अमेरिकन द्राक्षांच्या मद्याला युरोपीय जिभेला न रुचणारा एक उग्र वास येई. तो खालून वर चढेल अशी अनेकांना भीती वाटली. त्याहून मोठी गोष्ट अभिमानाची. ज्या देशातून रोग आला त्याच देशाची मुळे आपल्या पूर्वजांच्या मातीत घालावयाची? बर्गंडीच्या प्रसिद्ध टेकड्यांच्या जिल्ह्यात अमेरिकन वेलींवरील बंदी १८८७ मध्ये उठली. तोवर तेथे पिचकाऱ्या चालूच होत्या. रोमाने-काँती या बर्गंडीतील अतिप्रसिद्ध मळ्याने तर आपल्या जुन्या, बिनकलमी वेली १९४५ पर्यंत जपल्या. त्या वर्षीचे तुटपुंजे पीक घेऊन झाल्यावर त्या उपटाव्याच लागल्या. या हट्टाला हसू नये. तो मूर्खपणा होता, पण तो प्रेमातून आलेला होता. फक्त अशा प्रेमाची किंमत श्रीमंताला चुकवता येते, गरिबाला नाही, हे विसरू नये.

उपायही निर्वेध नव्हता. कोन्याक प्रांताच्या चुनखडीच्या जमिनीत अमेरिकन खुंट पिवळे पडून मरू लागले. तेव्हा १८८७ मध्ये प्येर व्हियाला यांना अमेरिकेस धाडण्यात आले. चुनखडीतच वाढणारी रानवेल हुडकून आणा, एवढेच काम. ती त्यांना टेक्ससमध्ये सापडली. त्या कामी डेनिसन गावचे द्राक्षपंडित मन्सन यांचे मोठे साहाय्य झाले. फ्रान्सने त्यांना सन्मान दिला, आणि आजही कोन्याक व डेनिसन ही दोन गावे एकमेकांची भगिनी-नगरे म्हणून नाते राखून आहेत. दुसरे विघ्न असे की, खुंटासाठी आणलेल्या वेलींबरोबर १८७८ च्या सुमारास आणखी एक रोग उतरला. आपले बागाईतदार त्याला केवडा म्हणतात. बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षांवर चोरांनी हात मारू नये म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडीत. त्याच वेलींवर केवडा येत नाही, हे मियार्दे नावाच्या अध्यापकांच्या नजरेस आले, आणि १८८५ मध्ये त्यांनी त्याचे औषध सिद्ध केले. आपल्याकडे ‘बोर्डो मिश्रण’ म्हणून जे फवारतात, ते हेच.

आणि त्या तीन लक्ष फ्रँकांचे काय झाले? कलमाचा आरंभापासून पुरस्कार करणारे लालिमाँ यांनी बक्षिसावर हक्क सांगितला. त्यांना उत्तर मिळाले ते असे की, तुम्ही रोग बरा केला नाहीत, टाळलात. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

१८७५ मध्ये फ्रान्सचे मद्याचे उत्पादन सुमारे ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर होते; १८८९ मध्ये ते २ कोटी ३४ लाखांवर आले. एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर, यावरून पडझडीचा अंदाज करावा. हजारो कुटुंबे मळे सोडून शहरांत गेली, कित्येकजण समुद्र ओलांडून अल्जीरियात गेले. मद्य कमी पडले म्हणून बेदाणे भिजवून, साखरेचे पाणी आंबवून खोटे मद्य होऊ लागले. १८८९ च्या कायद्याने मद्य म्हणजे ताज्या द्राक्षांचे, अशी व्याख्याच करावी लागली. पुढे कलमी मळे फळास आले, तेव्हा उलटे संकट उभे राहिले. नव्या वेली भरघोस पिकत, अल्जीरियाचे मद्यही येत होते, आणि साखरेची भेसळ थांबली नव्हती. भाव कोसळले. कर्ज काढून मळा पुन्हा उभा करणारा शेतकरी पीक भरपूर असूनही बुडाला.

११ मार्च १९०७ रोजी लांगदॉकमधील आर्झेलिए या खेड्यातून मार्सेलँ आल्बेर नावाच्या कॅफेवाल्यामागून ८७ माणसे निघाली. ९ जून रोजी माँपेलिएच्या रस्त्यांवर पाच लाखांच्या घरात लोक जमले. पंतप्रधान क्लेमांसो यांनी फौज धाडली. नार्बोन येथे गोळीबार होऊन माणसे मेली. सतराव्या पलटणीने, ज्यात त्याच भागातली पोरे होती, बंड केले. आल्बेर क्लेमांसोंना भेटावयास पॅरिसला गेला. त्यांनी त्याच्या हातावर परतीच्या भाड्यासाठी शंभर फ्रँकांची नोट ठेवली आणि ती बातमी वर्तमानपत्रांत पसरू दिली. त्या एका नोटेने त्या साध्याभोळ्या माणसाची पत गेली. पण २९ जून १९०७ रोजी भेसळीविरुद्धचा कायदा झाला, तो या लोकांच्या रेट्यामुळेच.

यापुढचा प्रश्न नावाचा होता. बोर्दो म्हणून विकलेले मद्य बोर्दोचे आहे याची हमी कोण देणार? अनेक वर्षांच्या झगड्यानंतर ३० जुलै १९३५ च्या कायद्याने गावाच्या नावाला संरक्षण दिले. हद्द कोणती, द्राक्षाची जात कोणती, एकरी पीक किती, हे ठरले. आणि ते ठरविण्यात बागाईतदारांचा हात राहिला. या तरतुदीत खालचे मूळ अमेरिकन असण्याला कोणी हरकत घेतली नाही. माती आमची, द्राक्षाची जात आमची, मेहनत आमची आणि सचोटी आमची. एवढे टिकले तर नाव टिकले, असा त्यांनी निवाडा केला. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार या निवाड्यात आहे.

ही कथा फ्रान्सपाशी संपत नाही. बोर्दोत या संकटानंतर जवळजवळ नाहीशी झालेली कार्मेनेर नावाची जात १९९४ मध्ये चिली देशात सापडली. संकटापूर्वीच तिकडे गेलेल्या वेलींत ती दुसऱ्याच नावाने नांदत होती. चिलीत हा किडा पोहोचलेलाच नाही. उलट कॅलिफोर्नियात, ज्याच्या अंगी युरोपीय वेलीचे रक्त होते असा खुंट सोयीचा म्हणून सर्रास लावला गेला. १९८० नंतरच्या वर्षांत तो किड्यापुढे ढासळला आणि मळेच्या मळे पुन्हा लावावे लागले. शंभर वर्षांपूर्वीचा धडा ज्यांना पाठ होता, त्यांनीच तो सोयीसाठी बाजूला ठेवला.

आता शेवटी आपल्याकडे येऊ. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत आज ‘डॉगरिज’ हा खुंट सर्वतोमुखी आहे. येथे तो फायलॉक्सेरासाठी आलेला नाही. पाण्याची टंचाई आणि माती-पाण्यातले क्षार सोसावेत म्हणून आला. तो मूळचा टेक्ससच्या रानवेलींतला, आणि त्याच्या जातीला शास्त्रीय नाव दिले ते प्लांशाँ यांनीच. जुलैच्या उन्हात माँपेलिएचा तो अध्यापक गुडघे टेकून ज्या मुळांकडे पाहत होता, त्यांची गोष्ट अशी फिरून आपल्या बांधापर्यंत आली आहे. पुढच्या खेपेस द्राक्षाचा घड हाती घ्याल तेव्हा वेलीच्या बुंध्याशी असलेली कलमाची गाठ आठवावी. कोणा अनोळखी देशातल्या रानवेलीचे ऋण तेथे बांधलेले आहे.